अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने

विडी घरकुलात पाणी सुटलेल्या दिवशी
सर्व्हेला जाऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
राजमणी म्याकल दारात पाईप धरून उभी.
म्हणाली, बसा, पण पाय वर घेऊन.

टॅबवर प्रश्न :
काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत
आपण काय काय केलंत?
अठ्ठेचाळीस रकाने, एकेकात अर्धा तास.

आत खाटेवर मल्लेशम.
टॉवेलच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
चार माग एकटा सांभाळणारा.
एका रात्रपाळीत डोक्यात काही फुटलं,
उजवं अंग गेलं, बोलणं गेलं,
एक शब्द तेवढा उरला :
नीळ्ळू. पाणी.

"तहान लागली तरी नीळ्ळू,
लघवीला नीळ्ळू, कूस बदलायची तरी नीळ्ळू.
नणंद आली होती बघायला,
तांब्यावर तांब्या पाजत बसली बिचारी.
चादर मग कुणी धुतली?
आपली सोलापुरी चादर भिजल्यावर
उचलून बघा एकदा."

साडेपाच ते सहा?
"पुसून काढलं."
सहा ते साडेसहा?
"कूस. पाठीला पावडर."
दहा ते दीड?
"विड्या. मांडीवर सूप, हातात पान,
आणि कान तिकडं."

टॅब विचारतो :
एकाच वेळी दोन कामं असल्यास मुख्य कोणतं?

ती हसली. "ज्याचे पैसे येतात ते लिवा की."
मग जरा थांबून,
"आधी हजार वळायचे दिवसाला. आता चारशे.
ब्रँचमधला चेकर छाट काढतो, दोरा ढिला म्हणतो,
पण बाकीच्या सहाशे कुठं गेल्या
ते काय विचारत नाही.
सहाशे रोज ह्या खाटेवर जातात, मॅडम."

निराधारच्या अर्जाला तीन हेलपाटे झाले होते.
एकदा उत्पन्नाचा दाखला जुना,
एकदा साहेब मीटिंगला,
एकदा म्हणे माणूस समोर आणा.
रिक्षात आडवं घालून नेलं,
डाव्या अंगठ्याचा ठसा उठवला.
"आता दरवर्षी त्याचा हयातीचा दाखला द्यायचा.
मी विचारलं, मला काय?
तर ते बोलले, तुम्ही तर धडधाकट हाय की."

मी रकाने भरत होते.
तिनं पाईप दुसऱ्या बॅरलात सोडला.
"ह्या अर्ध्या तासाचे किती धरलेत?"
पैसे नाहीत मावशी, म्हटलं, ही नुसती मोजणी.
वर कळेल, देशातल्या बायका किती तास...
"नुसतीच मोजणी?"
तिला खरंच नवल वाटलं.
"आमच्याकडं मोजल्यावर पैसे देतात."

शेवटचे रकाने. रात्री अकरा ते चार?
"झोप."
मला हायसं वाटलं, झोपेला एकच कोड आहे.
तेवढ्यात फळीवरचा पत्र्याचा डबा तिनं उघडला.
आत विडीच्या दोऱ्याचे तुकडे,
टीचभर, वितभर, गुंतलेले.
"त्याच्या चांगल्या हाताला एक टोक,
एक माझ्या अंगठ्याला.
ओढलं की जाग येते.
जोरात ओढलं की तुटतो, मग नवा बांधायचा.
तुटलेला टाकवत नाही.
सवय, वाया घालवायची नाही दोरा."

किती असतील, मी विचारलं.
"मोजले नाहीत," ती म्हणाली.
"तुम्ही मोजता का?"

एक फॉर्म पुरा झाला की माझे पैसे ठरलेले.
त्या दिवशी अजून सहा घरं बाकी होती,
ऊन चढलं होतं,
आणि रकाना रिकामा ठेवून टॅब पुढं जात नाही.
मी झोप लिहिली.

आतून आवाज आला, नीळ्ळू.
पाईप तसाच सोडून ती गेली.
कोणतं पाणी, ते तिला इथूनच कळलं होतं.
बॅरल भरून वाहायला लागलं,
मी पाय खाली घेतले
आणि नळ बंद केला.
ह्या कामाला कोड नाही,
मिनिटभराचंच होतं.